युरोव्हिजन पहिल्यांदा बघताय? आधी एकच गाणं धरा

दरवर्षी मे महिना जवळ आला की मला दोन-तीन जण तरी विचारतातच, ते युरोपातल्या देशांचं गाण्यांचं काय असतं ते बघायचंय, कुठून सुरुवात करू. आणि यातल्या बहुतेकांनी आधी एकदा प्रयत्न करून झालेला असतो, म्हणजे थेट फायनल लावली, चार तासांचा कार्यक्रम, सव्वीस गाणी, निम्म्याहून जास्त भाषा कधी कानावरून गेलेल्या नाहीत, सगळीकडे लाइट आणि धूर, आणि मग आठव्या-नवव्या गाण्याला बंद करून झोपले. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी कोण जिंकलं ते वाचलं तर त्या गाण्याची एक ओळही आठवेना, मी ते ऐकलं होतं का तेही सांगता येईना.

मग पुढच्या वर्षी स्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीनं सांगितलं, दादा तू सगळं बघू नकोस, एक गाणं घे, ते नीट ओळखीचं करून घे आणि मग फायनलला बस. तेवढंच केलं. आणि ते एक गाणं स्टेजवर आलं तेव्हा आपल्या घरातलं कोणीतरी स्पर्धेला उभं राहिल्यासारखी छातीत धडधड झाली, मार्क वाचायला लागले तेव्हा तर मी उभाच राहिलो. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी स्पर्धा काय आहे ते थोडक्यात. 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात सात देशांनी मिळून सुरू केली. चालवते ईबीयू, म्हणजे युरोपातल्या सरकारी-सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थांची संघटना, आपल्या दूरदर्शन-आकाशवाणीसारख्या संस्था देशोदेशीच्या असतात ना, त्या सगळ्यांची. प्रत्येक देशाची संस्था एक गाणं पाठवते. फक्त 2020 ला कोविडमुळे झाली नाही, नाहीतर दरवर्षी. जो देश जिंकतो त्यानं पुढच्या वर्षी यजमान व्हायचं अशी रीत आहे, युक्रेन 2022 ला जिंकला पण युद्धामुळे 2023 चा कार्यक्रम ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला घ्यावा लागला. मंगळवारी आणि गुरुवारी सेमीफायनल, शनिवारी फायनल. बस, सुरुवातीला एवढं पुरे.

गाणं कुठलं घ्यायचं

नवख्या माणसाला मी चालू वर्षाचं गाणं देत नाही, जुनं जिंकलेलं देतो, कारण निकाल माहीत असला की आपण ते का जिंकलं याकडे लक्ष देतो. आणि जुन्यातलंही एकच देतो, पोर्तुगालचं 2017 चं. गायक साल्वादोर सोब्राल, गाणं लिहिलं आणि चाल लावली त्याच्या बहिणीनं, लुईझा सोब्रालनं. नाव 'आमार पेलुश दोइश'.

हेच का, तर यात स्पर्धेचं सगळं दिसतं आणि काहीच आड येत नाही. त्या वर्षी स्पर्धा युक्रेनची राजधानी कीवला होती, 42 देश होते, फायनल 13 मेला. पोर्तुगाल 1964 पासून या स्पर्धेत येत होता, पहिल्याच वर्षी शून्य मार्क मिळाले, त्यानंतर कधी जिंकला नाही, सगळ्यात चांगला नंबर म्हणजे 1996 चा सहावा. 2016 ला तर आलेच नव्हते. आणि परत आले ते हे गाणं घेऊन. त्याच रात्री इटलीच्या गाण्यात गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस नाचत होता, आणि सट्टेवाल्यांनी कितीतरी आठवडे त्या गाण्यालाच विजेतं धरलं होतं. मोल्दोव्हाच्या गाण्यात सॅक्सोफोन होता आणि अख्खा हॉल हलत होता, रुमानियाच्या गाण्यात रॅपबरोबर आल्प्समधल्या गुराख्यांची ती योडेलिंगची गायकी होती. मी यातल्या कुणालाही नावं ठेवत नाहीये, मोल्दोव्हाचं मला मनापासून आवडतं आणि ते तिसरं आलं. पण या सगळ्यात, गाण्यांच्या क्रमात अकराव्या नंबरावर, एक माणूस आला, ढगळ काळा कोट, केस वर बांधलेले, एकटा, मागे डान्सर नाहीत, आणि मुख्य स्टेजवर न जाता प्रेक्षकांच्या मधे असलेल्या छोट्याशा गोल चौथऱ्यावर उभा राहिला आणि हळू आवाजात गायला लागला. 758 मार्क मिळाले. आजपर्यंत कुणाला एवढे मिळालेले नाहीत.

पहिल्यांदा फक्त कानानं

व्हिडिओ लावू नका. मोबाइल पालथा ठेवा. भांडी घासताना, भाजी निवडताना, गॅलरीत झाडांना पाणी घालताना कसंही चालेल, पण एकदाच ऐका आणि लगेच परत लावू नका. हा नियम मी स्वतःसाठी काटेकोर पाळतो, कारण फायनलच्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेक लोकांनी ते गाणं आधी ऐकलेलंच नसतं. त्यांना एकदाच मिळणार, तीन मिनिटं, आणि मग मत द्यायचं. म्हणजे या स्पर्धेत टिकणारं गाणं असं लागतं की जे परक्या माणसाला, भाषा न कळणाऱ्याला, पहिल्या भेटीत धरून ठेवेल. तुम्ही तो परका माणूस आहात, आणि पहिल्या वेळेपुरतेच आहात, दुसऱ्यांदा ऐकलं की ती संधी गेली.

तीन मिनिटं हा नियमच आहे. एक सेकंद जास्त नाही. आपल्याला हे माप नवं नाही खरंतर, जुनी भावगीतं 78 च्या तबकडीवर यायची तेव्हा एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं, त्यामुळे मुखडा, दोन अंतरे, मधे थोडं म्युझिक आणि संपलं. ज्यांच्या घरी आजी-आजोबांमुळे ती गाणी कानावर पडली त्यांना या स्पर्धेतली बांधणी पटकन कळते. कुठे वेळ फुकट घालवला, कुठे नको तिथे लांबवलं, ते आपल्याला ऐकताच जाणवतं.

ऐकून झालं की पंधरा मिनिटं दुसरं काम करा. मग स्वतःला विचारा, काय उरलंय. चाल उरलीय, एखादा शब्द उरलाय, की नुसता मूड. या गाण्याच्या बाबतीत माझ्याकडे उरली ती झोक्यासारखी लय. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आपल्या दादऱ्याच्या जवळची, तिकडे वॉल्ट्झ म्हणतात. ड्रम नाहीत, पियानो आणि व्हायोलिन-चेलोचा ताफा, आणि आवाज त्या लयीच्या थोडा मागे रेंगाळत येतो, ठेक्यावर टक्क पडत नाही. बरेच जण याला फादो म्हणतात, तसं नाहीये. फादो ही लिस्बनची वेगळी गायकी, तिची गिटार वेगळी, तिचा सूर वेगळा, आणि ती ऐकायची असेल तर लांब जायला नको, गोव्यात आजही गातात, सोनिया शिरसाट यांचं ऐका. सोब्रालचं गाणं जॅझच्या आणि जुन्या सिनेमातल्या संथ गाण्यांच्या अंगानं जाणारं आहे.

दुसऱ्यांदा डोळ्यांनी, पण बरोबर व्हिडिओ निवडा

इथे बरेच जण चुकतात. यूट्यूबवर एकाच गाण्याचे चार-पाच व्हिडिओ असतात, एक स्टुडिओत शूट केलेला म्युझिक व्हिडिओ, एक देशातल्या निवड स्पर्धेचा, एक सेमीफायनलचा, एक फायनलचा. तुम्ही युरोव्हिजनच्या अधिकृत चॅनलवरचा फायनलचा लाइव्ह घ्या. म्युझिक व्हिडिओला मार्क मिळत नाहीत, मार्क मिळतात ते त्या तीन मिनिटांच्या स्टेजवरच्या सादरीकरणाला.

बघताना काय बघायचं. स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं चालतात, जिवंत प्राणी चालत नाहीत. वाद्यं सगळी रेकॉर्डेड असतात, 1999 पासून लाइव्ह ऑर्केस्ट्रा बंद आहे, त्यामुळे कुणी गिटार वाजवताना दिसलं तरी तो आवाज ट्रॅकवरचाच. मागचा कोरससुद्धा 2021 पासून ट्रॅकवर चालतो. पण मुख्य आवाज लाइव्हच लागतो. म्हणून मी हेडफोन लावून श्वास ऐकतो. वरच्या पट्टीत जाताना दम पुरतोय का, नाचून आल्यावर ओळ तुटतेय का, शेवटचा स्वर धरून ठेवलाय की सोडून दिलाय. ज्या वर्षी तुम्ही हे ऐकायला शिकाल त्या वर्षीपासून तुम्हाला परीक्षकांचे मार्क आधीच कळायला लागतील, खरंच.

सोब्रालचं बघा. गाताना त्याचे हात नुसते लोंबत नाहीत, चेहऱ्याजवळ येतात, बोटं हवेत काहीतरी चाचपत असतात, खांदा वर जातो, डोळे मिटतात, आपल्याकडे मैफलीत गवई हातानं स्वर दाखवतो ना, त्यातलाच प्रकार. पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्र वाटतं, काहीजणांनी तर त्यावर वाईटसाईट लिहिलं. पण दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की हात जिथे उघडतो तिथेच आवाज उघडतोय, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून गातच नाहीये. बाकी सगळे कॅमेऱ्यातून घरातल्या माणसाकडे बघत होते, हा स्वतःशी बोलत होता आणि कॅमेरा गुपचूप जवळ येऊन ऐकत होता. एवढ्या मोठ्या हॉलमधे प्रेक्षक शांत झाले. आग, धूर हे सगळं उपलब्ध असताना त्यांनी न वापरायचं ठरवलं, हा निर्णय पण सादरीकरणाचाच भाग धरायचा.

आणखी एक गोष्ट जी व्हिडिओत दिसत नाही पण माहीत असावी. त्याला हृदयाचा गंभीर आजार होता. कीवला तो उशिरा पोचला, सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण लुईझा उभी राहिली, कॅमेरे आणि लाइट तिच्यावर लावून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमधे त्याचं हृदय प्रत्यारोपण झालं. जिंकल्यावर गाणं परत म्हणायचं असतं तेव्हा त्यानं बहिणीला स्टेजवर घेतलं आणि दोघं आलटून पालटून गायले. तो व्हिडिओ मात्र सगळ्यात शेवटी बघा, आधी नको.

तिसऱ्यांदा अर्थासकट

आता भाषांतर शोधा. आणि नुसतं वाचू नका, एक-दोन ओळी स्वतः मराठीत करून बघा, अगदी वहीत लिहून. याचा फायदा असा की गाणं कुठे भरीव आहे आणि कुठे नुसते शब्द भरलेत ते लगेच कळतं.

नावच घ्या. आमार म्हणजे प्रेम करणं, आपल्या अमरशी काही संबंध नाही. दोइश म्हणजे दोन, आणि ही दोन्ही खरोखर लांबची भावंडं आहेत, आपलं संस्कृतातलं द्वि आणि त्यांचं लॅटिनमधलं एकाच मुळाचं. पेलुश म्हणजे च्यासाठी, च्या वतीनं. म्हणजे शब्दशः 'दोघांच्या वतीनं प्रेम करणं'. पण वतीनं म्हटलं की ऑफिसातल्या सहीसारखं वाटतं. मी दोन दिवस घोळत होतो, मग घरी जेवताना आई म्हणाली, तिच्या वाटचं पण तूच खाऊन टाक, आणि तिथे सापडलं, दोघांच्या वाटचं प्रेम. गाण्यातला माणूस सांगतोय की तुझं माझ्यावरचं प्रेम संपलं असेल, परत यायला वेळ लागेल, तोवर माझं मन दोघांच्या वाटचं प्रेम करेल. तक्रार नाही, रडणं नाही. एवढं साधं म्हणणं आहे आणि चालही तेवढीच साधी आहे, म्हणून ते जुळतं.

पोर्तुगीज तशी आपल्याला फार परकी नाहीच. पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार, काजू, अननस हे सगळे शब्द तिकडूनच आलेत, दिवसभर आपण ते बोलतो. गोव्यात 1961 च्या आधी शाळेत गेलेली म्हातारी माणसं कुणाच्या ओळखीत असतील तर त्यांना हे गाणं ऐकवा आणि अर्थ विचारा, माझ्या एका मित्राच्या आजीनं म्हापशाला बसून ओळीन् ओळ सांगितली होती आणि मधेच तीही गुणगुणायला लागली होती.

भाषेचा मुद्दा स्पर्धेच्या दृष्टीनेही मोठा आहे. 1999 पासून कुठल्याही भाषेत गायची मोकळीक आहे, आणि त्यानंतर बहुतेक देश इंग्लिशकडे वळले. 1999 ते 2016 मधे पूर्णपणे स्वतःच्या भाषेत जिंकलेलं गाणं एकच, सर्बियाचं 2007 चं. मग 2017 ला हे. त्यानंतर 2021 ला इटली इटालियनमधे जिंकला, 2022 ला युक्रेन युक्रेनियनमधे. माझं मत स्पष्ट आहे, देशाचं नाव लावून उभं राहायचं तर आपल्या भाषेत गावं, कळो न कळो. ज्याला कळत नाही तो शोधून वाचतो, आपणही वाचलंच ना.

मार्कांचं गणित, हे एकदा समजून घ्याच

मार्क कळले नाहीत तर शेवटचा एक तास डोक्यावरून जातो आणि खरी मजा तिथेच आहे. प्रत्येक देश दोन वेळा मार्क देतो, एकदा संगीत क्षेत्रातल्या परीक्षकांचे, एकदा घरच्या प्रेक्षकांच्या मतांचे. दोन्ही वेळा पद्धत तीच, आवडत्या दहा गाण्यांना 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत. 11 आणि 9 नाहीत, म्हणजे पहिल्या दोघांना मुद्दाम थोडी आघाडी मिळते. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. 2017 ला 42 देश होते म्हणजे पोर्तुगालला देणारे 41, प्रत्येकाने 12 दिले असते तर एका बाजूचे 492. त्यांना परीक्षकांकडून 382 मिळाले, प्रेक्षकांकडून 376. दोन्हीकडे पहिला नंबर आणि दोन्हीत फक्त सहाचा फरक. दुसरा आलेला बल्गेरिया एकूण 615 वर होता. असा एकमतानं निकाल फार क्वचित लागतो.

एरवी काय होतं ते बघायचं असेल तर 2023 घ्या. स्वीडनच्या लोरीनला परीक्षकांनी 340 दिले आणि प्रेक्षकांनी 243. फिनलंडच्या कॅरियाला प्रेक्षकांनी 376 दिले, हॉल त्याच्या नावानं ओरडत होता, पण परीक्षकांनी 150 च. बेरीज केली की 583 आणि 526, लोरीन जिंकली. आणि 2016 तर आणखी वेगळं, परीक्षकांचा पहिला ऑस्ट्रेलिया (हो, युरोपाबाहेरचे काही देशही येतात), प्रेक्षकांचा पहिला रशिया, आणि जिंकला युक्रेन, जो दोन्हीकडे दुसरा होता.

परीक्षक शनिवारची फायनल बघून मार्क देत नाहीत बरं का, ते शुक्रवारी रात्रीच्या रंगीत तालमीवर देतात. म्हणजे शुक्रवारी कुणाचा आवाज बसला तर शनिवारी तो कितीही छान गायला तरी परीक्षकांचे मार्क आधीच ठरून गेलेत. शेजारी-शेजारी मत देतात हेही खरं आहे, ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना 12 देतात हे इतक्या वेळा झालंय की जाहीर होण्याआधीच हॉलमधे आवाज सुरू होतो. परदेशात गेलेले लोक आपल्या मूळ देशाला मत देतात. आपल्याकडे गाण्याच्या रिअॅलिटी शोमधे एसएमएसनं मतदान असायचं तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पोरासाठी गावच्या गाव मेसेज करायचं, ते ज्यांना आठवतंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. पण नुसत्या शेजाऱ्यांवर कुणी जिंकत नाही, 758 ला पोचायला युरोपभरचे अनोळखी लोक लागतात.

राजकारणही आहे, ते नाही असं समजून बसू नका. गाण्याच्या शब्दात राजकारण चालत नाही असा नियम आहे, 2009 ला जॉर्जियाचं गाणं पुतिनच्या नावावर श्लेष करतंय म्हणून बदलायला सांगितलं आणि त्यांनी माघार घेतली. 2016 चं युक्रेनचं जमालाचं गाणं मात्र स्टालिननं 1944 ला क्रिमियातल्या तातार लोकांना हाकललं त्यावर होतं, ते इतिहास म्हणून चाललं. रशिया 2022 पासून बाहेर आहे. 2026 ला इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी न यायचं ठरवलं. तुम्हाला यावर जे वाटायचं ते वाटू दे, पण बघताना मार्कांमधे हे पण मिसळलेलं असतं हे लक्षात असू द्या.

आता चालू वर्षाचं

सगळ्या देशांची गाणी मार्चच्या मध्यापर्यंत जाहीर झालेली असतात आणि अधिकृत चॅनलवर येतात. मे पर्यंत आठ आठवडे मिळतात. सगळी ऐकायची घाई करू नका. पाच-सहा गाणी डोळे झाकून निवडा, सट्टेवाल्यांचा अंदाज बघून नको, तो एकदा बघितला की कान आपोआप तिकडेच वळतात, हे मी अनुभवानं सांगतो. आठवड्याला एक, वर सांगितलं तसं. मार्चमधे लाइव्ह नसेल तर देशातल्या निवड स्पर्धेचा व्हिडिओ चालेल, नसेलच तर दुसरी पायरी मे मधल्या सेमीफायनलपर्यंत राखून ठेवा. यातलं जे एक गाणं कामं करताना तोंडात येईल ते तुमचं.

तुमचं गाणं सेमीफायनलला आहे का ते बघा. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, ब्रिटन हे पाच देश पैसे जास्त देतात म्हणून, ज्या वर्षी येतात त्या वर्षी, थेट फायनलला जातात, आणि यजमान. बाकी सगळ्यांना सेमीफायनलमधून यायचं, एका सेमीतून दहा. खूप चांगली गाणी तिथेच राहतात, त्यामुळे फायनलची वाट बघत बसाल आणि तुमचं गाणं गुरुवारीच गेलेलं असेल असं होऊ शकतं.

वेळ. कार्यक्रम मध्य युरोपच्या रात्री नऊला सुरू होतो, आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. मंगळवारची सेमीफायनल आपली बुधवारी पहाटेची, शनिवारची फायनल रविवारची. कॅलेंडरमधे चुकीच्या दिवशी अलार्म लावणारे खूप बघितलेत. फायनल संपायला साडेचार होतात. रविवार असतो म्हणून जमतं. संध्याकाळी दोन-तीन तास झोपून घ्या, जेवण हलकं ठेवा, मे महिना असतो त्यामुळे आमरस-पुरीवर ताव मारून बसलात तर अडीचला डोळे मिटणार.

बघायचं यूट्यूबच्या अधिकृत चॅनलवर, तिथे लाइव्ह असतं. जर्मनी-ब्रिटनमधली आपली मंडळी घरच्या टीव्हीवरच बघतात, तिकडे कोणी भाऊ-बहीण असेल तर व्हिडिओ कॉल लावा पण आवाज म्यूट करा, कारण इंटरनेटवरचं लाइव्ह टीव्हीच्या थोडं मागे असतं आणि ते आधी ओरडतात. मी मामेबहिणीला फोनवर फक्त लिहायला सांगतो, तेही गाणं संपल्यावर.

घरात एक कागद करा. उभ्या रकान्यात देश, आडव्यात घरातल्या माणसांची नावं, आणि प्रत्येकानं शेवटी खरेखुरे 12, 10, 8 असेच मार्क द्यायचे, सगळ्यांना आठ-आठ देऊन मोकळं व्हायचं नाही. दहाच गाण्यांना मार्क देता येतात म्हटल्यावर माणूस लक्ष देऊन ऐकतो. दोन गाण्यांच्या मधे साधारण पाऊण मिनिटाची फिल्म दाखवतात, तेवढ्या वेळात स्टेजवरचं सगळं सामान काढून दुसऱ्या देशाचं लावतात, तुम्ही तेवढ्यात लिहून घ्या.

मत भारतातूनही देता येतं का, तर 2023 पासून स्पर्धेत नसलेल्या देशांसाठी ऑनलाइन मतदान सुरू झालंय. सगळ्या अशा देशांची मतं एकत्र करून एका देशाइतके मार्क दिले जातात. अधिकृत वोटिंग साइटवर आपला देश यादीत निवडायचा आणि कार्डानं पैसे भरायचे. आपल्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुतेक वेळा बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून दुपारीच चालू करून ठेवा, रात्री अडीचला ओटीपीची वाट बघत बसू नका. झालं की परत बंद करा. किती मतं द्यायची याचे नियम वर्षागणिक बदलतात, ते त्या दिवशी साइटवर वाचून घ्या, आणि स्वतःला एक रकमेची मर्यादा घाला. मी दोनच मतं देतो, दोन्ही एकाच गाण्याला.

मग मार्क. आधी एकेक देश जोडला जातो आणि परीक्षकांचे 12 कुणाला ते सांगतो, बाकीचे मार्क स्क्रीनवर आपोआप चढतात. हा भाग लांब आहे, चहा इथे करा. त्यानंतर प्रेक्षकांचे मार्क, आणि ते परीक्षकांच्या यादीत शेवटी असलेल्या देशापासून वर वर जातात. इथे जागचं हलू नका. एका झटक्यात दोनशेहून जास्त मार्क मिळून विसावा देश वर जातो, किंवा कॅमेरा कुणाच्या तरी चेहऱ्यावर असताना निवेदक शून्य म्हणून सांगतो. 2021 ला ब्रिटनच्या गायकाला दोन्हीकडून शून्य मिळाले, तो हात वर करून उभा राहिला आणि सगळा हॉल त्याच्यासाठी उठला. पुढच्याच वर्षी ब्रिटन दुसरा आला. आणि पोर्तुगालचं सांगायचं तर, 2018 ला लिस्बनला त्यांनी स्वतः भरवलेल्या स्पर्धेत त्यांचं गाणं सव्विसावं, म्हणजे शेवटचं आलं. ते गाणंही ऐका, वाईट नाहीये अजिबात.

तुमचं गाणं हरलं तर रविवारी दुपारी उठल्यावर अधिकृत साइटवर जाऊन कुठल्या देशानं त्याला किती दिले तो तक्ता उघडा. परीक्षकांचे वेगळे, प्रेक्षकांचे वेगळे, सगळं असतं. माझ्या एका आवडत्या गाण्याला एकूण फार कमी मिळाले होते पण त्यात एका छोट्या देशाच्या प्रेक्षकांनी बाराच्या बारा दिले होते. मी मग त्या देशाची स्वतःची त्या वर्षीची आणि आधीच्या वर्षांची गाणी ऐकत बसलो, पुढच्या मार्चला त्यांचं गाणं सगळ्यात आधी लावलं.